दहापैकी दहा

पोस्टमन पत्र घेऊन आला तेव्हा बाई एकोणीस मुलांना घेऊन शाळेमागच्या झाडाखाली बसल्या होत्या. वाळून गेलेलं एक झुडूप मुळांसकट उपटून त्यांनी मधे ठेवलं होतं आणि मुलं दोरीनं मुळांची लांबी मोजत होती. वर्गातला धडे दाखवणारा मोठा पडदा गवसणी घालून बंद होता. पोस्टमननं खिडकीतून आत डोकावून पाहिलं, मग झाडाखाली येऊन तो म्हणाला, "तुमच्या शाळेचं नाव गाजतंय, बाई. वरच्या ऑफिसात चर्चा आहे."

बाईंनी पत्र उभ्यानंच वाचलं. पाच ओळी होत्या. पडद्यावरच्या शिकवण्यात आपली शाळा सगळ्यांत पहिली आली आहे. गेल्या पाच महिन्यांत आपल्या मुलांचं एकही उत्तर चुकलेलं नाही. येत्या बुधवारी साहेब स्वतः बारा शिक्षकांना घेऊन आदर्श पाठ पाहायला येत आहेत. खाली सही आणि शिक्का.

ऊन असं होतं की मातीचे चटके चपलेतून लागत होते. पत्राची घडी घालताना बाईंची बोटं मात्र गार पडली होती.

त्यातलं एकही उत्तर मुलांनी दिलेलं नव्हतं.

पडदा आला तेव्हा बाईंनी तो मनापासून लावला होता. त्या विज्ञान शिकलेल्या. यंत्राचं त्यांना वावडं नव्हतं. कपाटात त्यांचं स्वतःचं भिंग होतं, तापमापक होता, काचेच्या बरण्या होत्या. पहिल्या दिवशी बेडकाचा पाठ लागला. रंग, गाणं, उड्या. मुलं आ वासून बसली. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, बेडकाच्या अंड्यातून काय निघतं? चौदा जणांना गाणं पाठ होतं, उत्तर दोघांना येत होतं. बाईंनी आकडे वहीत लिहिले, आणखी आठ दिवस तसेच लिहून पाहिले, आणि पडद्याला गवसणी शिवली.

मग वरून हुकूम आला. रोज एक तास पडदा चालला पाहिजे. शेवटी दहा प्रश्न येतील, त्यांची उत्तरं मुलांनी पडद्यावरच दाबायची आणि पाठवायची. ज्या शाळांत वीसपेक्षा कमी मुलं आहेत त्यांतल्या कुठल्या बंद करायच्या, ते ठरवताना हे आकडे बघितले जातील. बाईंच्या शाळेत मुलं एकोणीस. दुसरी शाळा नदीपलीकडे, दीड तासाची वाट. एकोणिसांत अकरा मुली होत्या, आणि शाळा गेली तर त्यांतल्या कुठल्या आठ घरी बसतील हे बाईंना नावानिशी माहीत होतं.

तेव्हापासून शाळा सुटली की बाई पडदा लावायच्या. तो रिकाम्या बाकांशी बोलत राहायचा, त्या वर्ग झाडायच्या, वह्या तपासायच्या. तास भरला की उठून पडद्याच्या जाड पेननं दहा उत्तरं दाबायच्या. एकदा मुद्दाम एखादं चुकवावं असं त्यांनी ठरवलं होतं. पाणी किती अंशांना उकळतं, असा प्रश्न होता. त्यांनी पेन साठवर नेलं, तिथे धरलं, आणि शेवटी शंभरावर दाबलं. चुकीचं उत्तर दाबायला त्यांचा हातच धजत नसे.

*

घरी नवरा पडवीत जळलेल्या मोटरीतून तांब्याची तार उसवत बसला होता. यंदा पाणी इतकं खाली गेलं होतं की विहिरींवरच्या मोटरी रोज जळत होत्या. पडवीत पाच रांगेत पडल्या होत्या आणि घरभर वार्निशचा वास होता. बाईंनी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

तो आधी हसला. मग बाईंच्या तोंडाकडे बघून थांबला.

"एखादं चुकवायचं होतंस."

"हात धजला नाही."

"म्हणजे चोरी केलीस ती पण शुद्ध अक्षरात."

नवऱ्यानं तारेचं वेटोळं बाजूला टाकलं आणि आपलाच वैताग काढत म्हणाला, ही मोटर बघ, मालक म्हणतो तीन दिवस छान चालत होती. आवाज येत होता, म्हणून नळाच्या तोंडाशी पाणी येतंय का ते कोणी बघितलंच नाही. कोरडी फिरून फिरून आतून कोळसा झाली.

बाई उठून आत गेल्या.

आत सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला; उजेड आणि सावली, एवढंच त्यांना कळे. दिवसा त्यांच्यापाशी शेजारीण बसायची, ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, आणि नवऱ्याला उद्यापासून लांबच्या विहिरींवर जायचं होतं. मागे एकदा सासूबाई एकट्या होत्या तेव्हा चाचपडत चुलीपर्यंत गेल्या होत्या. त्याचा डाग मनगटावर अजून होता.

"एक दिवस करू कसंतरी," बाई म्हणाल्या. "परवापासून तुम्ही माझ्याबरोबर शाळेत चला, आई."

"या वयात?" सासूबाई म्हणाल्या. "नापास झाले तर घरी घेशील ना?"

*

दुसऱ्या दिवशी बाईंनी गवसणी काढली तशी मुलं टाळ्या पिटत पुढे सरकली. बुधवारसाठी त्यांनी 'जमिनीखालचं पाणी' हा पाठ निवडला होता. पाण्याचं दुखणं घरोघरचं, मुलांना जड जाणार नाही असं त्यांना वाटलं. पण पडदा उजळला आणि मुलं बेडकाच्या दिवशी बसली होती तशीच बसली. डोळे मोठे, तोंडं उघडी. कोणी काही विचारलं नाही. शेवटी दहा प्रश्न आले. तीन बरोबर आले. बाईंनी 'पाठवा'चं बटण दाबलं नाही, पडदा तसाच बंद केला.

पाच महिने दहापैकी दहा, आणि साहेबांसमोर तीन. दुपारच्या सुट्टीनंतर बाईंनी दार लोटलं आणि मुलांना एक नवा खेळ शिकवला. प्रश्न आला की बाईंच्या उजव्या हाताकडे बघायचं. एक बोट म्हणजे पहिलं उत्तर, दोन बोटं म्हणजे दुसरं. चौथ्यापर्यंत. प्रश्न कुठल्याही क्रमानं येवोत.

मुलांना खेळ फार आवडला. अर्ध्या तासात दहापैकी दहा यायला लागले.

वर्गात एक चौथीतली मुलगी होती. तिचं तोंड दिवसभर चालू, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. ती उभी राहिली.

"बाई, मग प्रश्न वाचायचे का?"

बाई फळ्याकडे वळल्या. पुसायला तिथे काहीच नव्हतं, तरी त्या फळा पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर पाण्याला रांग लागली होती. धार बोटाएवढी होती. एक हंडा भरायला पाव तास लागत होता. टकळीची आई पुढे होती. ती हसत म्हणाली, "काय शिकवलंत हो बाई पोरीला? काल जेवताना विचारलं, अजून वाढू का? तर म्हणते, आधी बोटं दाखव, मग सांगते." रांगेतल्या बायका हसल्या. एकीनं विचारलं, बोटं कसली? बाईंनी काहीतरी उत्तर दिलं. हंडा पुरता भरायच्या आतच त्यांनी तो उचलला आणि घराकडे चालायला लागल्या. अर्ध्या हंड्यातलं पाणी डुचमळून खांद्यावर सांडत होतं. एकोणीस घरं. एकोणीस तोंडं. त्यातलं एक जरी बुधवारी उघडलं, तर शाळा आकड्यांसाठी बंद होणार नाही, लबाडीसाठी बंद होईल. आणि मग पुन्हा उघडायची मागणी तरी कोणत्या तोंडानं करायची?

*

त्या दिवशी सासूबाई शाळेत आल्या. बाईंनी हाताला धरून त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं आणि शेजारी टकळीला दिलं. निदान तिचं तोंड तिथे तरी गुंतेल. बोटांची आणखी एक तालीम करायची, म्हणून पाठ लावला.

दोन मिनिटं झाली नाहीत तोच मागून सासूबाईंचा आवाज आला.

"काय दिसतंय गं?"

"पाणी आहे, आजी."

"ते ऐकू येतंय. कुठे आहे पाणी?"

"जमिनीखाली."

"खाली म्हणजे कसं? विहिरीसारखं?"

टकळीनं पडद्याकडे नीट पाहिलं. "नाही. वर माती, मग दगड, आणि त्याच्या खाली निळं निळं. मोठं तळं आहे."

"तळं कुठंय?" पुढच्या बाकावरून कोणी म्हणालं. "पट्टा आहे तो. वाहतोय. नदी आहे खाली."

"वाहत नाहीये, बाण आहेत नुसते."

"मग बाण कशाला काढलेत?"

"एकेकानं सांगा रे," सासूबाई म्हणाल्या. "मला दिसत नाही, तुम्हाला पण दिसत नाही का?"

बाईंनी पेन उचलून चित्र थांबवलं. हा पाठ त्यांनी रिकाम्या वर्गात चारदा तरी ऐकला होता. निळा पट्टा त्यांना कधी खटकला नव्हता, कारण त्यांना आधीच ठाऊक होतं. पडद्यावरचा माणूस गोड आवाजात सगळं बरोबरच सांगत होता, आणि मुलांच्या डोक्यात जमिनीखाली तळं तयार होत होतं. त्यावर होड्या चालल्या असत्या.

त्यांनी आवाज बंद केला. चित्र तसंच ठेवलं. मग म्हणाल्या, "आजींना सांगा. जे दिसतंय तेवढंच सांगायचं. आणि ज्याला वेगळं दिसतंय त्यानं हात वर करायचा."

तासभर फक्त एका चित्रावर भांडण झालं. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "खाली तळं असतं, तर आपली विहीर खणताना खडकच का लागत गेला? माझ्या नवऱ्याच्या हाताची सालटी निघाली होती."

बाईंनी कपाटातली मोठी बरणी काढली. मुलांनी अंगणातून खडे आणले, नदीतून वाळू आणली. बरणी काठोकाठ भरली. "भरली?" बाईंनी विचारलं. भरली, मुलं म्हणाली. मग बाईंनी वरून पाणी ओतलं. एक तांब्या गेला. दुसरा अर्धा गेला. मुलं बरणीला नाकं लावून बसली. मग खड्यांमध्ये रबरी नळी खोचून टकळीनं पाणी ओढलं, पचकन थुंकलं, पुन्हा ओढलं. काचेवरची ओली रेघ खाली खाली सरकायला लागली.

"आमची विहीर अशीच गेली खाली," एक लहान मुलगी म्हणाली. तिची मोटर बाईंच्या पडवीत पडली होती.

"काय झालं? मला सांगा," सासूबाई मागून म्हणत होत्या. बाईंनी बरणी नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांचं बोट ओल्या रेघेवर टेकवलं.

मग बाईंनी पुन्हा पडदा लावला. आता त्या दर मिनिटाला तो थांबवत होत्या. पुढे काय दिसेल? मुलं आधी सांगत, मग बघत, मग चुकीचं निघालं की ओरडत. पडद्यावरचा माणूस आता एकटा बोलत नव्हता. त्याच्या प्रत्येक वाक्याला वर्गातून काहीतरी उलट जात होतं. त्या दिवशी दहापैकी पाच आले; तेही बाईंनी पाठवले नाहीत. सोमवारी सहा. मंगळवारी सात.

सातच. मंगळवारी शाळा सुटल्यावर बाई पायरीवर बसून राहिल्या. पाच महिने दहा, आणि उद्या सात. त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. खेळ मुलं विसरली नव्हती. अडलं की त्यांचे डोळे अजून आपोआप बाईंच्या हाताकडे वळायचे.

*

बुधवारी साहेब आले ते घामानं भिजलेले. रस्त्यात गाडीचं चाक पंक्चर झालं होतं. हातात एक पातळ यंत्र होतं, त्यात सगळ्या शाळांचे आकडे. बारा शिक्षक भिंतीला पाठ लावून उभे राहिले. वर्गात तेवढ्या खुर्च्या नव्हत्या. सासूबाईंना कुठे ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. या कोण, साहेबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, माझ्या सासूबाई.

त्यांनी शिक्षकांकडे वळून छोटं भाषण केलं. पाच महिन्यांत एक उत्तर चुकलेलं नाही, ते म्हणाले. "आणि वेळ बघा. यंत्र वेळ लिहून ठेवतं. रोज पाच ते सहा. शाळा सुटल्यावर या बाई जादा तास घेतात. यांना कोणी सांगितलं नव्हतं."

यंत्र वेळ लिहून ठेवतं. बाईंनी टेबलाची कड धरली. एकोणीस मुलांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

टकळी सासूबाईंच्या कानाशी लागली, पण तिचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं बोलणं. "आजी, पाच ते सहा कोण येतं शाळेत?"

तिच्या मागे एक पिकल्या केसांचे गुरुजी उभे होते. त्यांनी ऐकलं. ते आपल्या चपलांकडे बघायला लागले, आणि मग त्यांच्या शेजारचे दोघेही.

"पाठ सुरू होतोय, गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "आणि काय दिसतंय ते सांग."

पाठ सुरू झाला. पहिली पाच मिनिटं बाईंना स्वतःचा आवाज लांबून येत होता. मग मुलं भांडायला लागली आणि त्या सावरल्या. पडदा थांबला, चालला, थांबला. बरणी हातोहात फिरली. भिंतीजवळच्या एका शिक्षिकेनं नकळत पुढे येऊन काचेला बोट लावलं. साहेबांनी एका मुलाला विचारलं, जमिनीखाली पाणी कुठे असतं? मुलगा म्हणाला, "फटींत. तळं नसतं. तळं वाटतं, पण ते चित्र काढणाऱ्याला खडे काढायचा कंटाळा आला असेल." शिक्षक हसले. साहेबही हसले.

मग दहा प्रश्न आले. मुलं एकेक करून पडद्यापाशी येत होती, पेन दोन्ही हातांनी धरत होती. चार बरोबर आले. पाचव्याला एक मुलगा अडला. पाझर म्हणजे काय, असा प्रश्न होता. त्यानं पेन धरून मान वळवली आणि बाईंच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग टकळीनं पाहिलं. मग सगळ्यांनीच.

तीन बोटं. एवढंच करायचं होतं. बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि एकात एक अडकवून घट्ट धरले.

मुलगा थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. मग पडद्याकडे वळला आणि त्यानं स्वतःच्या मनानं दाबलं. चुकलं.

शेवटी पडद्यावर आलं: दहापैकी सात. खाली बटण होतं, पाठवा.

साहेब टेबलापाशी आले आणि फक्त बाईंना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मुलं घाबरली असतील. परत एकदा घ्या. तुम्ही शेजारी उभ्या राहा."

"घाबरली नाहीत, साहेब. सातच येतात यांना."

"पाच महिने दहा येत होते."

"ते माझे होते," बाई म्हणाल्या.

साहेबांच्या कानशिलावरून घामाचा थेंब ओघळला. त्यांनी तो पुसला नाही. "तुमच्या शाळेचं नाव मी वर कळवून बसलोय," ते म्हणाले. "माझ्या सहीनं. तुम्ही आत्ता काय म्हणालात, ते मला ऐकू आलं नाही. परत घ्या."

तेव्हा बाईंना कळलं की हा माणूसही घाबरलेला आहे, आणि त्यांची भीती कमी होण्याऐवजी वाढली. घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो.

"काय दिसतंय गं?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"सात बरोबर, तीन चूक," टकळी म्हणाली. "बाईंनी अजून पाठवलं नाही, आजी."

बाईंनी पेन उचललं. ते मुलांच्या हातांच्या घामानं ओलं होतं. पाठवा, त्यांनी दाबलं. यंत्रानं एक बारीक आवाज केला आणि सात हा आकडा निघून गेला.

*

जाताना साहेबांनी शेरेबुक मागितलं. पेन उघडून ते बराच वेळ कोऱ्या पानाकडे बघत राहिले. मग एक ओळ लिहिली, सही केली, आणि चहा न घेता गेले. पिकल्या केसांचे गुरुजी मागे रेंगाळले. बरणीत वाळू आधी घालायची की खडे, एवढंच त्यांनी विचारलं, आणि पळत गाडी गाठली.

घरी येताना बाईंनी सासूबाईंचा हात धरला होता. वाटेत टाकीपाशी रिकाम्या हंड्यांची रांग होती.

"काय लिहिलं त्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

"पाठ पाहिला."

"चांगला की वाईट?"

"ते लिहिलं नाही."

"मग शाळेचं काय?"

"पत्र येईल," बाई म्हणाल्या.

सासूबाई थोड्या थांबल्या, पायानं वाटेतला दगड चाचपला, ओलांडला. "उद्या मी येऊ ना?"

पोस्टमन सोमवारी आणि गुरुवारी यायचा. उद्या गुरुवार होता. बाईंनी ओचा सावरला आणि मनातल्या मनात चुकलेले तीन प्रश्न पुन्हा म्हणून पाहिले. पाझरासाठी एक मातीचं मडकं लागणार होतं, जुनं, झिरपणारं. तसं एक घरी होतं.

"या," त्या म्हणाल्या. "लवकर निघू. पत्र यायच्या आत पाठ सुरू करायचाय."